उभ्या चौकटीला लंब गेलेली रेघ

पुष्पा,

अकरावीच्या वर्गातला फळा अजून कुणी पुसलेला नाही. तू गेलीस त्याच्या आदल्या शनिवारी लिहिलेलं गणित तसंच आहे: बिंदू (4, −3) मधून जाणारी आणि x = 7 या रेषेला लंब असणारी रेषा शोधा. खाली उत्तर नाही. घंटा झाली असेल, किंवा तुला दम लागला असेल. मुलं कुणाला फळ्याला हात लावू देत नाहीत. मराठीचे सर बिचारे दोन आठवडे तोंडीच शिकवत आहेत.

हेडमास्तरांनी तुझे तास मला दिले. पहिल्या दिवशी मी खडू घेऊन उभी राहिले आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, याचं उत्तर पुष्पा मॅडमनं सांगतलंच नाही."

"y बरोबर उणे तीन," मी म्हटलं.

"ते तं आमाले येते. पण त्या याच्यात अजून काहीतरी सांगणार होत्या. सोमवारी सांगतो म्हणल्या."

सोमवारी आम्ही तुला घाटावर नेलं. त्यामुळे तुला काय सांगायचं होतं ते वर्गाला कळलं नाही, मलाही नाही. मी त्या मुलीला म्हटलं, बस खाली, पुढचा धडा उघड. तिनं पुस्तक उघडलं, पण नजर फळ्यावरच होती.

आपली ओळखच या गणितावरून झाली, आठवतं? मी शाळेत नवीन होते, दहावीला शिकवत होते. तू शिक्षक खोलीत माझ्या मुलांच्या वह्या चाळत बसली होतीस. वर न बघताच म्हणालीस, "हे तुम्ही पोट्ट्यांले काय सांगून राहिल्या? उभी रेषा दिसली का डोये मिटून y बरोबर लिहा म्हणून?"

मला राग आला. मी म्हटलं, "मग काय सांगायचं? उभ्या रेषेचा चढ काढता येत नाही, छेदात शून्य येतं. चढांचा गुणाकार उणे एक हा नियम तिथं लागू पडत नाही. मुलं तिथंच अडकून बसतात. म्हणून सरळ सांगते, उभीला लंब आडवी, बिंदूचा y घ्या आणि पुढं चला."

"नियम अडला तिथंच तं पाहा लागते ना वो," तू म्हणालीस.

तू मला 'वो' म्हणायचं सोडलंस ते थेट वर्षभरानं, जेव्हा माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि तू न सांगता, न विचारता माझे सगळे तास घेत राहिलीस. एका संध्याकाळी घरी येऊन भांडी घासता घासता म्हणालीस, "सुलभे, तू आता जरा झोप." त्या एकेरी हाकेनं मला किती बरं वाटलं, हे मी तुला सांगायचं राहून गेलं. आता सांगते.

वरठीच्या रेल्वे फाटकापाशी तू तुझी स्कूटी घेऊन उभी असायचीस. कारखान्याची रात्रपाळी सुटलेली असायची, सायकली नि मोटरसायकलींच्या गर्दीतून मी वाट काढत यायचे, आणि मोहाडीच्या शाळेपर्यंत आपला वाद चालायचा. तू मुलांना वर्गाच्या दारात नेऊन उभं करायचीस. चौकट ही उभी रेषा. तिच्यावर एक बोट ठेवायचं आणि त्याच उंचीवरून आडवं निघायचं, भिंतीवरून, खिडकीवरून, पुढच्या वर्गाच्या भिंतीवरून. एकदा कुणीतरी विचारलं, "पण उत्तरात x कुठं गेला, मॅडम?"

"कुठंच नाही गेला. x काहीही असो, उत्तर तेच, असा त्याचा अर्थ. तू इथं उभी राह्य का तुमसरले जाऊन उभी राह्य, उंची तेवढीच."

मुलं हसली. मी व्हरांड्यातून जात होते. एका मार्काच्या प्रश्नाला हिनं अख्खा तास घालवला, असं मला वाटलं, आणि परतताना तुला ते बोलूनही दाखवलं. तू स्कूटी चालवता चालवता म्हणालीस, "तुले मार्क दिसते. मले रेघ दिसते."

तुझ्या गावाविषयी तू फारसं बोलत नव्हतीस. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांपैकी एक, एवढंच मला माहीत होतं. पुनर्वसनाचं गाव टेकाडाच्या उतारावर वसवलेलं. एका गल्लीत वरपासून खालपर्यंत घरं, प्रत्येकाचं जोतं शेजारच्याहून खाली किंवा वर. त्यातल्या मधल्या घरात तू आणि माय. लहानपणच्या तापानं तुझ्या हृदयाची झडप बिघडली होती. लग्नाचा विषय निघाला की तू हसायचीस, "झडप बिघडलेली मोटार कोण घेते बावा?" मायला ते आवडायचं नाही.

मागच्या दिवाळीआधी एकदा आपण फाटकापासून निघालो. बरंच अंतर गेल्यावर म्हणालीस, "आमच्या घरच्या भितीवर रेघ आली."

"ओल असेल. पावसाळा नुकताच गेला."

"ओलच आहे. पण तू ये पाहाले."

मी रविवारी आले. बाहेरच्या खोलीत चारी भिंतींवर, माझ्या छातीच्या उंचीला, एक रेघ होती. खाली भिंत किंचित काळपट, वर कोरडी पांढरी. मी ओल पाहिली आहे. ती नकाशासारखी पसरते, कुठं चढते, कुठं उतरते. ही तशी नव्हती. ही कोपऱ्यातून वळून पुढच्या भिंतीवर जात होती आणि कुठंही तसूभर हलत नव्हती. दाराच्या चौकटीला तर ती अशी येऊन मिळत होती की तिथं गुण्या ठेवून काटकोन आखून घ्यावा. लाकडी कपाटावरसुद्धा ती होती. कपाटाच्या आत टांगलेल्या तुझ्या साड्यांवरही.

माय खाटेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. "आली का वो सुलभा? बस ना," ती म्हणाली.

मी खाली चटईवर बसले, आणि माझ्या कानात दडे बसले. बोडीच्या पाण्यात बुडी मारल्यावर बसतात तसे. मायचा आवाज लांबून यायला लागला. देवापुढचा दिवा जमिनीलगत होता आणि वर पंखा फिरत होता, तरी ज्योत अजिबात हलत नव्हती. दोरीवर वाळत घातलेल्या साडीचा वरचा भाग पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता आणि रेघेखालचा काठ अगदी सावकाश हलत होता, तळ्यातल्या शेवाळासारखा. मी उठून उभी राहिले, तर कान मोकळे. परत बसले, परत दडे.

तू माझ्याकडे बघत होतीस. "आता बोल," तू म्हणालीस. "बोल ना, ओल आहे म्हणून."

मी बोलले. मी बोलणारच होते. म्हटलं, प्लास्टरला नदीची वाळू वापरली असेल, ती पाणी ओढते. कानाचं म्हणशील तर माझं नाक चोंदलंय.

तू शेजारच्या मिस्त्रीकडून पाणसळीची नळी आणलीस. त्या लांब पारदर्शक नळीत पाणी भरलंस, दिसावं म्हणून निळीचा थेंब टाकलास. दोन्ही टोकांत पाणी नेहमी एकाच उंचीला राहतं. एक टोक तू तुमच्या रेघेशी धरून उभी राहिलीस आणि दुसरं टोक घेऊन मी गल्लीत निघाले. आधी वरच्या बाजूच्या शेवंताकाकूंकडे. त्यांचं जोतं उंच. त्यांच्या घरात रेघ पार खाली, घोट्याशी होती. मी नळी भिंतीला लावली. निळं पाणी डुचमळलं, थांबलं, आणि बरोबर काकूंच्या रेघेवर येऊन स्थिर झालं. मग खालच्या अंगाला, भाऊराव दादांकडे. तिथं मला हात वर करून नळी धरावी लागली, कारण त्यांची रेघ दाराच्या वर, छताच्या जवळ होती. तिथंही पाणी तिच्यावरच थांबलं.

मधल्या किराणा दुकानात मात्र काहीच नव्हतं. तो दुकानदार बाहेरगावचा, धरणाशी त्याचा संबंध नव्हता. त्याच्या भिंती खडखडीत कोरड्या.

मी नळी गुंडाळत होते.  तू अगदी शिकवण्याच्या आवाजात म्हणालीस, "ओल जोत्यापासून चढते, सुलभा. मंग काकूच्या घरी जेवढी चढली तेवढीच भाऊदादाच्या घरी चढाले पाह्यजे. ही जोतं मानूनच नाही राहिली. घर वर राहो का खाली राहो, हिची उंची एकच."

  तरी मी हार मानली नाही. वर्षभर मी तुला वाळू, चुना, हवेचा दाब असं काही ना काही सांगत राहिले आणि तू ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचीस. मला वाटतं तुलाही माझं म्हणणं खरं ठरलेलं हवं होतं.

गावानं आपल्या परीनं सगळं केलं. काहींनी भिंती खरवडून नवं प्लास्टर केलं, रेघ परत आली. काहींनी रंग मारला, रंगातून रेघ उमटली. कुणी म्हणालं, बकरा द्यावा लागेल. तू त्यांना रागावली नाहीस, एवढंच विचारलंस, "बकरा देल्यानं रेघ वर जाईन का खाली, ते आधी ठरवा." मंडळी विचारात पडली आणि तो विषय मागे पडला. पण घर सोडून कुणी गेलं नाही. मी शेवंताकाकूंना विचारलं, भीती नाही का वाटत? त्या म्हणाल्या, "वाटते ना वो. पण आमी गावातून एक डाव उठलो. आता पाणी येवो का आग येवो."

फक्त माय घाबरत नव्हती. तिला मी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी अगदी सोपी गोष्ट विचारली.

"ते आमचंच पाणी होय," ती म्हणाली. "आमी घर टाकून आलो, तवा ते आंगणात शिरत होतं. मंग त्यानं त्या रिकाम्या घरात एकट्यानं का करावं? आलं आमच्या मांगं."

तू तिच्याकडे पाठ करून चहा टाकत होतीस. तुझे खांदे थांबलेले मला दिसले.

उन्हाळ्यात तू मला जुन्या गावाकडे नेलंस. तुझा मामेभाऊ चरणदादा पूर्वी शेती करायचा, आता त्याच पाण्यात मासे धरतो. त्याच्या डोंग्यात आपण दोघी बसलो. सकाळची वेळ, ऊन चढायला लागलेलं, वारा नावाला नव्हता. बरंच आत गेल्यावर पाण्यातून विजेचा एक खांब वर आलेला दिसला. तारा नाहीत, नुसता खांब. चरणदादानं वल्हं उचलून मांडीवर ठेवलं. "गावावर वल्हं नाही मारत आमी," तो हळूच म्हणाला. डोंगा आपोआप सरकत खांबापाशी गेला.

"हा आमच्या गल्लीतला," तू म्हणालीस. "याच्या खाली आमचं आंगण."

खोली किती ते तुला बघायचं होतं. तू घरून सुतळी आणली होतीस, तिच्या टोकाला मायच्या जुन्या पेटीचं कुलूप बांधलेलं. खांबाला लागून तू ती सोडलीस. सुतळी खाली जात राहिली, मग सैल पडली. कुलूप टेकलं. तू क्षणभर तशीच धरून बसलीस आणि मग ओढायला लागलीस.

पुढचं मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या घरच्यांनाही नाही. तू तिथं होतीस, म्हणून तुलाच सांगते. सुतळी वर आली ती कोरडी होती. पाण्यातून वर येत होती आणि कोरडी होती. शेवटी कुलूप आलं. त्याला चिखल नव्हता, शेवाळ नव्हतं. त्याला धूळ लागली होती. शेणानं सारवलेल्या अंगणाची असते तशी, बारीक, करड्या हिरव्या रंगाची धूळ. तू बोट फिरवलंस तर बोटाला लागली.

चरणदादानं ते पाहिलं. त्यानं खांबाला हात टेकवून डोंगा वळवला. वल्हंसुद्धा तो पार लांब गेल्यावर मारायला लागला.

परत येताना मी म्हटलं, "ऊन फार आहे, वाळली असेल."

तू हसलीस. "वर येता येता?"

तेवढंच. नंतर आपण त्यावर कधीच बोललो नाही. तू बोलत नाहीस म्हणून मी गप्प, आणि मी गप्प म्हणून कदाचित तू. एवढ्या वर्षांत आपण कुठल्या गोष्टीवर भांडलो नाही? आणि ज्यावर भांडायला हवं होतं, ती तशीच राहिली. पाणी तिथं नव्हतं तर कुठं होतं, हे तुला तिथंच कळलं होतं. मला ते नंतर एकटीनं कळून घ्यावं लागलं, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना.

त्यानंतर तू मायला तिथून हलवायच्या मागे लागलीस. मी म्हटलं होतं, माझ्याकडे वरठीला खोली रिकामी आहे, दोघी या. माय ऐकेना. तू तिची खाट विटांवर चढवलीस, मग अजून विटा लावल्या, पण कितीही केलं तरी निजल्यावर ती रेघेखालीच राहायची. "मले झोप लागते बरी," ती म्हणायची. "तूच काहून जागी रायतेस?" तू तिच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपत होतीस, सगळ्यांत खाली.

पावसाळ्यात तुझे पाय सुजायला लागले. जिना चढताना तू दोनदा थांबायचीस. मी तुला नागपूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, झडप फार खराब झाली आहे, फुफ्फुसात पाणी साठतंय, ऑपरेशन करावं लागेल. तुझ्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही. तू फक्त एकदा माझ्याकडे बघितलंस. बाहेर येऊन मी घाईघाईनं म्हणाले, "पुष्पा, हे तुझं लहानपणचं दुखणं आहे. त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"मी काही म्हटलं का?" तू म्हणालीस. आणि रस्त्यावरच्या गाड्यावर आपण दोघींनी तर्री पोहे खाल्ले. तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिखट घालून घेतलंस. त्या दिवसाबद्दल मी कुणाचे आभार मानू ते कळत नाही, म्हणून तुझेच मानते.

ऑपरेशनची तारीख मिळायच्या आत तो रविवार आला. मायनं मला सांगितलं ते असं. जेवण झालं होतं. तू भिंतीला टेकून बसली होतीस, पाय पसरून, मायच्या पायाशी. मायला वाटलं, तुझा डोळा लागला. मग तू एकदम म्हणालीस, "माय, कान मोकळे झाले."

माय म्हणाली, "मंग चांगलं झालं."

थोड्या वेळानं तिनं तुला हाक मारली. तोवर तू नव्हतीस.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं पाण्यानं भरली होती. झडपेच्या आजारात असंच होतं, हे मला माहीत आहे. मी तिथं उभी राहून मान हलवली. माझ्या शेजारी भाऊराव दादा होते. त्यांनीही मान हलवली. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

सोमवारी मी अंगणातच थांबले होते; तेरवीला सकाळीच आले. आत पाऊल टाकलं आणि थांबले. भिंती पांढऱ्या होत्या, जमिनीपासून छतापर्यंत. कपाट कोरडं. मी तुझ्या साड्यांवरून हात फिरवला, एकीवरही डाग नव्हता. मग मी चटईवर बसले. कान मोकळे होते. बाहेर कोंबडी कलकलत होती ते अगदी लख्ख ऐकू येत होतं. देवापुढची ज्योत पंख्यानं विझली आणि कुणीतरी उठून ती परत लावली.

वर्षभर मी त्या रेघेशी भांडले, पुष्पा. ती नाही म्हणून मला हलकं वाटायला हवं होतं. मी भिंतीवर हात फिरवत ती शोधत राहिले.

गल्लीतल्या सगळ्यांकडे तसंच झालं होतं. तू गेलीस त्या रविवारी दुपारपासून. बायका हलक्या आवाजात एकमेकींना विचारत होत्या, तुमची गेली का? आमची बी गेली. कुणाच्याच तोंडावर आनंद नव्हता. शेवंताकाकू म्हणाल्या, घर असं भकभक वाटून राहिलं, जसं काही पाहुणे निंगून गेले.

माय खाटेवर बसली होती. तेरा दिवस ती नीट झोपलेली नव्हती. पंगती उठल्या, माणसं पांगली, तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं.

"गेलं ते पाणी," ती म्हणाली. "घेऊन गेली. मायसाठी थोडंसं तरी ठेवाव ना."

 मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "तू बी मास्तरीन होस ना. मले ते रेघ काढून दे."

"माय, कुठं काढू? कुणी खूण करून ठेवली नाही."

ती उठली. काठीशिवाय, माझ्या हाताला धरून भिंतीपाशी आली. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली, डोळे मिटले, आणि हात बाजूला नेऊन तळवा भिंतीला टेकवला, गालाच्या थोडं खाली. "अठी लागत होतं," ती म्हणाली. "थंड."

मी मिस्त्रीकडून पाणसळीची नळी आणली. नीळ कालवली. एक बिंदू मिळाला होता, चौकट उभी होती. मी मायच्या तळव्यापासून सुरुवात केली आणि चारी भिंती फिरून परत तिच्या तळव्यापाशी आले. ती तोवर हलली नव्हती. मग ती खाटेवर जाऊन आडवी झाली आणि मी निळीचे हात धुऊन येईतो तिला झोप लागली होती.

दारात शेवंताकाकू उभ्या होत्या. "आमच्याकडं बी ये वो," त्या म्हणाल्या.

मी गेले. मग भाऊराव दादांकडे. मग एकेका घरी. नळीचं एक टोक कुणी ना कुणी धरत होतं, दुसरं माझ्याकडे. कुणी कारण विचारलं नाही. मी रेघ ओढून निघाले की घरातलं एखादं माणूस तिच्याखाली जाऊन बसायचं.

गल्लीच्या अगदी टोकाला, नाल्याच्या अंगाला, एक घर आहे. आपण त्या दिवशी मोजत तिथवर गेलो नव्हतो. तिथली सून दारात माझी वाट बघत होती, कडेवर लहान मुलगी.

"मॅडम, आमच्या घरी तं रेघ कधी आलीच नाही," ती म्हणाली. "मी रोज पाहो. सगळ्यांच्या घरी आली, आमच्याच घरी नाही. मले वाटे, आमी सुटलो. पण कान तं आमचे बी बंद राहत. अंगणात आलं तरी बंदच. आमची रेघ कोठं काढता?"

मी नळी तिच्या भिंतीला लावून वर वर नेली. हात पुरेना म्हणून स्टुलावर चढले. छतापर्यंत नेली तरी निळं पाणी थांबेना. ते नळीच्या तोंडातून बाहेर आलं आणि माझ्या कोपरावरून खाली गळायला लागलं. मी खाली उतरले, तिला अंगणात घेऊन आले आणि त्यांच्या छपरावरच्या कवेलूंच्याही बरंच वर, मोकळ्या आभाळात बोट दाखवलं.

ती बघत राहिली. आधी माझ्या बोटाकडे, मग त्याच्या पलीकडे. कडेवरच्या मुलीनंही मान वर केली.

"म्हणजे आमी पुरेच्या पुरे अंदर होतो," ती म्हणाली.